सहकारी बँकेचं ॲप डाउनलोड होतं, पण वापर फोनपेचाच. ग्राहक टिकवायचा कसा?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

प्रश्न एका नागरी सहकारी बँकेचा आहे, पट्टा सांगली-कोल्हापूरचा. ॲप स्वतःचं आहे. यूपीआय, आयएमपीएस, पासबुक, एफडी-आरडी उघडणं, चेकबुक मागवणं एवढं त्यात चालतं. खातेदार म्हणजे दुकानदार, दुधाचं बिल जमा होणारे शेतकरी, शिक्षक, पेन्शनर. खातं इथलं, पण स्कॅन करायची वेळ आली की हात फोनपे नाहीतर गुगल पेकडे जातो. बँकेचं ॲप उघडतं ते बॅलन्स बघायला, तेही महिन्यातून एखाद्या वेळी.

संचालक मंडळासमोर दोन प्रस्ताव आहेत. एक, ॲपवरून केलेल्या प्रत्येक पेमेंटला १० रुपये कॅशबॅक, तीन महिने. दुसरा, पॉइंट साठवायचे आणि दिवाळीला भेटवस्तू. ॲप बनवणारी कंपनी याखेरीज स्क्रॅच कार्डाचं मॉड्यूल गळ्यात मारायला बसली आहे.

यातलं काही खरंच चालतं का? नसेल तर तोच पैसा कुठे घालावा? आणि ग्राहक टिकतोय की नाही हे कोणत्या आकड्यावरून ओळखायचं? मंडळाला ‘डाउनलोड किती झाले’ हाच आकडा फार आवडतो, म्हणून विचारतोय.

---

तेरीज

कॅशबॅकचा हिशेब आधी कागदावर मांडा.

१ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर एमडीआर (दुकानदाराने बँकेला द्यायचं शुल्क) शून्य आहे. ग्राहकाने ५०० रुपयांचा किराणा घेतला तर त्या व्यवहारातून दुकानदाराकडून कोणत्याच बँकेला दमडी मिळत नाही. सरकारची प्रोत्साहन योजना आली, ती २०२४-२५ साठी छोट्या दुकानदारांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के होती. म्हणजे ५०० रुपयांवर ७५ पैसे. ते जातात दुकानदाराच्या बँकेकडे, आणि पुढे ग्राहकाची बँक, पीएसपी (ॲपला यूपीआयशी जोडणारी बँक) आणि ॲपवाला यांच्यात वाटले जातात. तुमच्या हातात येणार काही पैसे, आणि तुम्ही वाटणार १० रुपये.

आता खात्यामागची कमाई बघा. आकडे समजुतीपुरते धरतो. सरासरी शिल्लक १५,०००, बचत खात्याचं व्याज ३ टक्के, तोच पैसा एफडीतून उभा करायचा तर ७ टक्के. फरक ४ टक्के, म्हणजे वर्षाला ६०० रुपये, खर्च वजा न करता. महिन्याला २० पेमेंट करणाऱ्याला १० रुपयांप्रमाणे तीन महिन्यांत तुम्ही ६०० रुपये देऊन बसता. वर्षाची कमाई एका तिमाहीत संपली, आणि चौथ्या महिन्यात कॅशबॅक बंद झाला की माणूस परत फोनपेवर. वर एकाच घरातले दोघं एकमेकांना दिवसभर एक-एक रुपया पाठवत बसतात ते वेगळंच.

मंडळाला काहीतरी वाटायचंच असेल तर प्रत्येक पेमेंटला नको. पहिलं लाइट बिल, पहिला आरडीचा ऑटोपे (आपोआप कापला जाणारा हप्ता), पहिली ॲपवरची एफडी अशा एकदाच घडणाऱ्या गोष्टींना ठेवा. व्यक्ती-ते-व्यक्ती व्यवहार पूर्ण वगळा.

पण मूळ मुद्दा वेगळा आहे. फोनपे आणि गुगल पे मिळून यूपीआयच्या एकूण व्यवहारांपैकी सुमारे ८० टक्के सांभाळतात. स्कॅन करण्याच्या खेळात त्यांच्याशी लढायला जाऊ नका. ग्राहकाने फोनपे उघडलं तरी पैसे तुमच्याच खात्यातून जात असतील तर शिल्लक तुमच्याकडेच आहे. बिघडतं कधी? पगार किंवा दूधबिल जमा झालं आणि त्याच दिवशी तो स्वतःच्याच नावावरच्या दुसऱ्या बँकेच्या खात्यात टाकतो तेव्हा. हा ग्राहक गेलेला असतो, फक्त खातं बंद करायला शाखेत आलेला नसतो.

म्हणून आकडा हा काढा: ठरावीक उत्पन्न जमा झाल्यापासून सातव्या दिवशी त्यातलं किती टक्के शिल्लक आहे, आणि बाहेर गेलेल्यातलं किती स्वतःच्याच नावावर गेलं. घेणाऱ्याचं नाव व्यवहाराच्या नोंदीत येतं, ते खातेदाराच्या नावाशी जुळवायचं. नावं नेमकी एकसारखी नसतात (‘पाटील एस बी’ आणि ‘संभाजी बाळू पाटील’), तेव्हा आडनाव आणि पहिलं अक्षर जुळलं तरी सध्या चालेल. ग्राहक कोणतं ॲप वापरतो हेही पाठवणाऱ्याच्या यूपीआय आयडीच्या शेपटीवरून (@ नंतरच्या भागावरून) कळतं. वायबीएल, आयबीएल, एएक्सएल असेल तर फोनपे. ओकेॲक्सिस, ओकेएसबीआय असेल तर गुगल पे. ही माहिती तुमच्या स्विचच्या (व्यवहार पुढे पाठवणाऱ्या यंत्रणेच्या) फाइलमध्ये आजही पडून आहे.

---

मेळजुळणी

वरचा हिशेब बरोबर आहे. पुढचं असं की लोक बँक बदलतात ती अडकलेल्या पैशामुळे. दहा व्यवहार सुरळीत झालेले कोणाच्या लक्षात राहत नाहीत. खात्यातून ५०० रुपये गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, हे वर्षभर लक्षात राहतं आणि चार जणांना सांगितलंही जातं.

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक इथे लागू आहे. व्यक्ती-ते-व्यक्ती यूपीआयमध्ये पैसे कापले गेले आणि समोर जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. दुकानदाराला कन्फर्मेशन गेलं नसेल तर मुदत पाच दिवसांची. दिवस मोजायचे ते कॅलेंडरचे, बँकेच्या सुट्ट्या वगळून चालत नाही. मुदत उलटली की रोज १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची.

हे ‘न मागता’ तपासा. सिस्टीममध्ये भरपाईचा हिशेब लावलेलाच नसतो. तक्रार आली तर शाखा मुख्य कार्यालयाला मेल करते, तिथून सॉफ्टवेअर कंपनीला, तिथून प्रायोजक बँकेला, आणि ग्राहक काउंटरवर उभा. सहकारी बँक प्रायोजक बँकेमार्फत यूपीआयवर असेल तर मधला हा टप्पा वाढतो. त्यामुळे सेटलमेंटची (बँकांमधला हिशेब मिटवण्याची) फाइल दिवसातून एकदाच उचलली जात असेल तर प्रत्येक सायकलनंतर उचलायची सोय करून घ्या. मेळ घालायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली तर मुदतीतले बरेच तास हिशेब न लागताच गेलेले असतात.

ग्राहकाला कळवणं हा अर्धा उपाय आहे. व्यवहार अडकल्याबरोबर, तक्रार यायच्या आत, मराठीत एसएमएस गेला पाहिजे. देवनागरी एसएमएसला १६० नाही, ७० चिन्हांची मर्यादा असते, आणि काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘उद्यापर्यंत’ या एका शब्दाला ११ चिन्हं लागतात. हा मजकूर बसतो:

‘रु.५०० अडकले. उद्यापर्यंत खात्यात परत येतील. पुन्हा पाठवू नका.’

६२ चिन्हं झाली. बँकेचं नाव त्रोटक घातलं तर ७० मध्ये राहतं. त्याच्या वर गेलात की दोन एसएमएसचे पैसे, आणि जोडलेल्या एसएमएसमध्ये एका भागाला ६७ च चिन्हं मिळतात. टेम्प्लेट डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस-नोंदणी व्यवस्थेवर) आधी मंजूर करून घ्यावं लागतं. त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी ऑपरेटर मेसेज अडवतो, आणि ही चूक बहुधा थेट सुरू झाल्यावरच सापडते.

---

टेस्टिंगवाली

मेळजुळणी, मजकुरात एक गोची आहे. व्यवहार ‘डीम्ड’ स्थितीत असेल, म्हणजे समोरच्या बँकेचं उत्तर आलेलं नसेल, तर पैसे समोर जमा होण्याचीही शक्यता असते. ‘परत येतील’ असं छापलं आणि ते समोर जमा झाले, तर ग्राहक दुसऱ्या दिवशी मेसेज दाखवून भांडतो, आणि त्याचं बरोबर असतं. त्या स्थितीसाठी वेगळं टेम्प्लेट हवं:

‘रु.५०० अडकले. उद्यापर्यंत समोर जमा होतील किंवा परत येतील.’

५७ चिन्हं. ‘पुन्हा पाठवू नका’ जोडलं तर ७५ होतात, म्हणजे दोन एसएमएस. माझ्या मते तो खर्च करा. घाबरून दुसऱ्यांदा पाठवलेले पैसे परत मिळवणं हे सगळ्यात किचकट प्रकरण, कारण तो दुसरा व्यवहार तांत्रिकदृष्ट्या यशस्वी असतो.

आता ॲप एकदा उघडून लोक का सोडतात त्याबद्दल. बरेच जण सोडून जात नाहीत, ते आत पोचतच नाहीत.

पहिला अडथळा सिमची ओळख पटवण्याचा. नोंदणी करताना ॲप ग्राहकाच्या फोनवरून एक एसएमएस बाहेर पाठवतं. फोनमध्ये दोन सिम, बँकेत नोंदलेला नंबर दुसऱ्या सिमचा, आणि ॲप मेसेज पाठवतं पहिल्यावरून. किंवा रिचार्जमध्ये बाहेर जाणारे एसएमएसच नाहीत. ग्राहकाला पडद्यावर दिसतं ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’. तीनदा केलं की तो ॲप काढून टाकतो. इथे सिम निवडण्याचा पडदा हवा, आणि एसएमएस गेला नाही तर तसं स्वच्छ शब्दांत सांगणारा मेसेज हवा.

दुसरा, ‘खातं सापडत नाही’. सीबीएसमध्ये (बँकेच्या मुख्य खाते-प्रणालीत) मोबाइल नंबर कुठे ९१ लावून, कुठे शून्य लावून, कुठे जुनाच पडलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे मुलाचा एकच नंबर वडील, आई आणि काकांच्या खात्यांना लावलेला. अशा वेळी मुलाच्या फोनवर तिघांची खाती दिसू शकतात. सोय म्हणून सुरू झालेलं हे पुढे घरातल्या वादाचं कारण होतं आणि बोल बँकेला लागतो. ॲपची जाहिरात करण्याआधी एकाच नंबरवर दोनपेक्षा जास्त ग्राहक क्रमांक असलेली यादी काढा आणि शाखांना वाटा. संयुक्त खात्यात दोघांच्या सह्या लागत असतील तर यूपीआय चालणार नाही, हेही आधीच सांगा.

तिसरा अडथळा यूपीआय पिनचा. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदत लागते. सहकारी बँकेत पुष्कळांकडे कार्डच नसतं, किंवा मुदत संपलेलं कार्ड कपाटात असतं. आधार ओटीपीने पिन ठेवता येतो, पण बँकेतला नंबर आणि आधारचा नंबर एकच असावा लागतो. तुमच्या बँकेने ही सोय सुरू केली आहे का ते विचारा. नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून ती सुरू करा.

यानंतरही नव्या फोनवर पहिले २४ तास सहसा ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. हे आधी सांगितलं नाही तर दुकानदार पहिल्याच दिवशी माल भरायला जातो आणि ‘तुमचं ॲप चालत नाही’ म्हणून परत येतो.

आकडा ठेवायचा तर डाउनलोडऐवजी या पायऱ्यांचा ठेवा: डाउनलोड, सिम पटलं, खातं सापडलं, पिन ठेवला, पहिलं बिल भरलं. प्रत्येक पायरीला किती गळाले ते शाखेनुसार. शाखेतल्या माणसाला पाहिजे तर शेवटच्या पायरीवर इन्सेंटिव्ह द्या. डाउनलोडवर दिलात तर तो स्वतःच लोकांचे फोन घेऊन भराभरा डाउनलोड करत सुटेल.

---

पिग्मीबुक

सगळं वाचलं. फोनपेला जे कधीच जमणार नाही ते तुमच्याकडे आधीच आहे, आणि प्रश्नात त्याचा उल्लेखही नाही. पिग्मी.

दुकानदार रोज शे-दोनशे रुपये एजंटाकडे देतो. त्याचा बँकेशी रोजचा संबंध तेवढाच. तो संबंध ॲपमध्ये आणा. संध्याकाळी एजंटाने पैसे घेतले की तिथल्या तिथे त्याच्या हातातल्या यंत्रावरून नोंद, आणि ग्राहकाच्या ॲपवर त्याच मिनिटाला ‘आज २००, एकूण इतके’. ग्राहक ते बघायला ॲप रोज उघडतो, कॅशबॅक लागत नाही. शिवाय एजंटाने पैसे घेतले आणि भरलेच नाहीत, हा पिग्मीतला जुना रोग यात चोवीस तासांत उघडा पडतो. कार्डावर पेनाने लिहिलेली नोंद आणि सीबीएसमधली नोंद यांत महिनोन्‌महिने फरक राहू शकतो, ॲपवर राहत नाही.

नोंद त्याच वेळी होण्यावर सगळं अवलंबून आहे. पुष्कळ यंत्रं दिवसभराचा डेटा साठवतात आणि एजंट दुसऱ्या दिवशी शाखेत येऊन तो उतरवतो. अशी ॲपला जोडलीत तर ग्राहकाला रात्री रक्कम दिसणार नाही आणि एजंटावर नसता संशय येईल. नेटवर्क नसलेल्या गावात नोंद मागाहून चढते, तिथे ॲपवर ‘एजंटाने नोंदवलं, बँकेत जमा व्हायचंय’ अशी वेगळी ओळ दाखवा.

दुसरी पायरी क्यूआर. एजंट आला नाही, पावसात अडकला, तर दुकानदार त्या दिवशीची पिग्मी स्वतः भरू शकला पाहिजे, कोणत्याही ॲपवरून. हो, फोनपेवरूनसुद्धा. पैसा तुमच्याकडे येतोय ना!

तिसरं आरडी. ज्या शिक्षकाचा पगार राष्ट्रीयीकृत बँकेत होतो त्याला पगाराचं खातं हलवायला सांगू नका, हलणार नाही. त्याची आरडी तुमच्याकडे उघडा आणि हप्ता यूपीआय ऑटोपेने त्याच्या पगाराच्या खात्यातून ओढा. १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर महिन्याला पिन लागत नाही, पहिल्या मंजुरीला लागतो. कापण्याच्या २४ तास आधी सूचना जाणं बंधनकारक आहे. ऑगस्ट २०२५ पासून ऑटोपेचे व्यवहार गर्दीच्या वेळा टाळून करायचे आहेत (सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री ९.३० या वेळा सोडून), आणि पहिला प्रयत्न फसला तर जास्तीत जास्त तीनदाच पुन्हा करता येतो. हप्त्याची तारीख १ ठेवू नका. पगार १ तारखेला दुपारी किंवा २ ला येतो आणि पहाटेचा प्रयत्न रिकाम्या खात्यावर आपटतो. ५ किंवा ७ ठेवा.

---

कृष्णाकाठ

पिग्मीचं पटलं. पण एजंट मंडळी आधीच बिथरली आहेत. क्यूआर आला म्हणजे आपलं कमिशन गेलं, असं त्यांच्यात पसरलंय, आणि ग्राहकांना ॲप घेऊ नका म्हणून तेच सांगतायत.

---

पिग्मीबुक

सांगणारच. क्यूआरमधून आलेल्या रकमेवरही त्या एजंटाला तेवढंच कमिशन द्या. पिग्मी खातं उघडताना एजंटाचा कोड खात्याला चिकटलेला असतोच, कमिशनचा रिपोर्ट त्या कोडवर काढा, पैसे कोणत्या वाटेने आले हे बघू नका. बँकेचा तोटा नाही. रोख मोजणं, खोट्या नोटा, रात्री एजंटाच्या घरी पडून राहणारी रोकड, एवढं तरी कमी होतं. कमिशन कापून वाचवायला गेलात तर एजंट दुकानदारासकट शेजारच्या पतसंस्थेत जाईल, आणि दुकानदार बँकेपेक्षा एजंटाला जास्त ओळखतो.

---

मोंबासा_पुणे

केनियाचा एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा, इथे बघण्यासारखा आहे. सफारीकॉम या तिथल्या मोबाइल कंपनीने मार्च २००७ मध्ये सुरू केला, साध्या फोनवर, इंटरनेटशिवाय. लोक टिकले ते कोपऱ्याकोपऱ्यावरच्या एजंटांमुळे, आणि पुढे त्याच मेन्यूत बचत-कर्ज (एम-श्वारी, २०१२) आणि कमी पडलेली रक्कम भरून देणारी फुलिझा (२०१९) आल्यामुळे. एजंटाकडे रोकड किंवा फ्लोट (त्याच्या खात्यातली डिजिटल शिल्लक) संपला की मात्र ग्राहक लगेच चिडतो. फ्लोट सांभाळणं ही तिथली खरी मेहनत.

---

तेरीज

उदाहरण चांगलं आहे, पण उचलताना जपून. केनियात पाठवणारा शुल्क देतो, त्यातून एजंटाचं कमिशन निघतं. इथे यूपीआय ग्राहकाला फुकट आहे आणि पैसा थेट बँक-ते-बँक जातो. एम-पेसा भारतातही आला होता, व्होडाफोनने २०१९ मध्ये गुंडाळला. घेण्यासारखं आहे ते कमी पडलेली रक्कम भरून देणं. तुमच्याकडे एफडी असलेले ग्राहक आहेत. एफडीवर ओव्हरड्राफ्टची मर्यादा ॲपमधून दोन मिनिटांत मिळाली आणि यूपीआयला जोडली गेली, तर दुकानदार माल भरताना दुसरीकडे हात पसरत नाही. एफडी न मोडता पैसे मिळतात, हे त्याला फार आवडतं. यात व्याजाचं उत्पन्न आहे, त्यामुळे खर्चही निघतो.

पॉइंट आणि भेटवस्तूंचं म्हणाल, तर सहकारी बँकेकडे त्याहून जुनी गोष्ट आहे. सभासदाला लाभांश मिळतो. तो जमा झाल्याचं ॲपवर ठळक दिसू दे, शेअर्स किती, लाभांश किती, कोणत्या तारखेला जमा झाला. बऱ्याच सभासदांना आपला लाभांश कुठे जातो हेच ठाऊक नसतं.

---

कुलूपकिल्ली

भरवशाचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. महाराष्ट्रात सहकारी बँकेचं नाव घेतलं की सप्टेंबर २०१९ ची पीएमसी आठवते, फेब्रुवारी २०२५ ची न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह आठवते, निर्बंध आले आणि ठेवीदारांचे पैसे अडकले त्या. तुमची बँक कितीही भक्कम असो, ग्राहकाच्या मनात हे असतंच. त्यावर जाहिरात करू नका. ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे हे एफडीच्या पडद्यावर साध्या अक्षरात लिहा, आणि एकाच माणसाच्या त्या बँकेतल्या सगळ्या शाखांमधल्या ठेवी मिळून, मुद्दल-व्याज धरून ५ लाख, हेही लिहा. अर्धवट लिहिलंत तर ती फसवणूक वाटते.

सेवा बंद पडली तर लपवू नका. जुलै २०२४ च्या अखेरीस छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा (डेटा अडकवून खंडणी मागणारा) हल्ला झाला आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंट व्यवस्थेपासून तोडलं, तेव्हा सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय थांबलं. चूक त्या बँकांची नव्हती, पण काउंटरवर उत्तर त्यांनाच द्यावं लागलं. असा मजकूर आधीच मंजूर करून ठेवा: काय बंद आहे, काय सुरू आहे (शाखेतून रोख मिळते का, एटीएम चालतं का), पुढची माहिती किती वाजता. डीएलटीचं टेम्प्लेट त्या दिवशी मंजूर करायला गेलात तर मेसेज जाईपर्यंत सेवा सुरू झालेली असेल.

फसवणूक झालेला ग्राहक ही खरी कसोटी. सध्याचा प्रकार म्हणजे व्हॉट्सॲपवर ‘केवायसी अपडेट’ किंवा ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके (ॲप बसवणारी) फाइल येते, उघडली की फोनमधले ओटीपी बाहेर. सहकारी बँकांसाठी याचे नियम रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने आले. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसलेल्या, बाहेरच्याने केलेल्या व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत आली तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी आली तर मर्यादित. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. ग्राहकाने ओटीपी दिला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण तक्रारीनंतरचं बँकेचं. म्हणून तक्रारीची वेळ मिनिटापर्यंत नोंदली गेली पाहिजे, आणि ती नोंदवायला रविवारी रात्री अकराला कोणीतरी हवं.

ॲपच्या पहिल्याच पडद्यावर, लॉगिन न करता, ‘माझे सगळे व्यवहार थांबवा’ असं बटण द्या. त्यात यूपीआय, कार्ड, आयएमपीएस एका झटक्यात बंद. खाली १९३० हा हेल्पलाइन नंबर. पण ज्याच्या फोनचा ताबा चोराकडे गेलाय त्याला ते बटण दाबता येत नाही. म्हणून घरातल्या दुसऱ्या फोनवरून फोन करून, ग्राहक क्रमांक आणि जन्मतारीख सांगून व्यवहार थांबवता आले पाहिजेत. थांबवण्याला तपासणी कमी ठेवा, पुन्हा सुरू करण्याला शाखेत बोलवा. उलटं ठेवलेलं पुष्कळ ठिकाणी दिसतं.

वेबसाइट बँक डॉट इनवर (बँकांसाठीच राखलेल्या ‘.bank.in’ पत्त्यावर) गेली आहे का? ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. ॲपमधल्या मदतीच्या लिंक, पासबुकावर छापलेला पत्ता, एसएमएसमधल्या लिंक जुन्याच राहिलेल्या असतात. ग्राहकाला ‘बँक डॉट इन नसेल तर उघडू नका’ असं शिकवायचं आणि आपणच जुनी लिंक पाठवायची, असं नको.

---

कृष्णाकाठ

खूप काम मिळालं. स्क्रॅच कार्ड मंडळाच्या विषयपत्रिकेवरून काढतो. एकच शंका. पिग्मीसाठी क्यूआर बँकेचा एकच काढून सगळ्या दुकानांत लावायचा, का प्रत्येक खात्याला वेगळा?

---

पिग्मीबुक

प्रत्येक खात्याला वेगळा, यूपीआय आयडीतच खाते क्रमांक गुंफलेला. एकच क्यूआर ठेवलात तर पैसे एका सामायिक खात्यात पडतात आणि कोणाचे ते पाठवणाऱ्याच्या नावावरून ओळखत बसावं लागतं. दुकानात नोकराच्या फोनवरून भरले, मुलाच्या फोनवरून भरले, की संपलं. वेगळा आयडी असला तर कोणी भरले याला महत्त्वच नाही.

क्यूआर गल्ल्यासमोर लावू देऊ नका. गिऱ्हाईक चुकून मालाचे पैसे त्यावर भरतं आणि दुकानदाराची विक्री पिग्मीत अडकते, मुदतीआधी काढायला गेला तर दंड. तो पिग्मी कार्डाच्या मागच्या बाजूला छापा आणि रोजच्या रकमेची कमाल मर्यादा सिस्टीममध्ये घाला. त्याहून जास्त कोणी भरायला गेलं तर व्यवहार तिथेच नाकारला जाऊ दे. घेऊन मग परत करायचं ठेवलंत तर त्या परताव्यांचा मेळ घालायला वेगळा माणूस लागेल.